सत्तराव्या वर्षी स्वयंपाकाचा वर्ग

३ जून, मंगळवार

व्हिसाची कामं करणारा फैयाज म्हणतो, "चाचा, तुम्हाला विद्यार्थी व्हावं लागेल." सत्तरी गाठली, सातवीत शाळा सुटली, आणि आता विद्यार्थी!

लेकीचे, रुपालीचे दिवस भाद्रपदात भरतात. ती तिकडे थायलंडात, जावई जहाजावर. तिची आई चांगुणा असती तर तीच गेली असती. आता मीच उरलो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर एवढं तरी करून घालीन. पण साध्या व्हिसावर थोडेच दिवस राहू देतात म्हणे. तिथल्या स्वयंपाकाच्या वर्गात नाव घातलं तर लांबचा मिळतो. वर्ग सहा आठवड्यांचा, राहायला सहा महिने.

कोल्हारच्या पंचक्रोशीत पन्नास वर्षं सप्ताहाच्या पंगती सांभाळल्या. दोन-दोन हजार पानं. आणि मी स्वयंपाक शिकायला जायचं.

५ जून, गुरुवार

अर्जात 'शिकण्याची आवड आहे' असं लिहिलंय. मला कसली आवड? विमानतळावर विचारलं तर काय सांगू? फैयाजच्या दुकानात आज तिसऱ्यांदा गेलो. तो वैतागला. "वर्गात बसणार ना तुम्ही? मग खोटं कसलं? फक्त तिथं जाऊन मॅडमलाच शिकवू नका."

६ जून, शुक्रवार

पासपोर्टचा फोटो परत आला. कान दिसत नाहीत म्हणे. कानाचं काय काम?

९ जून, सोमवार

सगळं बिनसलं.

व्हिसासाठी नुसतं प्रवेशाचं पत्र घेऊन पळणारे फार, म्हणून वर्गाच्या बाई प्रत्येकाला व्हिडिओ कॉलवर बघतात. एक पदार्थ करून दाखवायचा. फैयाज लॅपटॉप घेऊन घरी आला, इंग्रजीचं मराठी करायला बसला. मी आमटी केली. जमली.

मग बाई म्हणाल्या, आता चाखा आणि काय कमी आहे ते सांगा.

मी म्हटलं, नैवेद्य दाखवल्याशिवाय आचारी चाखत नाही. माझ्या गुरूने पहिल्या दिवशी पळी हातात देताना हेच सांगितलं होतं. मी वाफेवरून ओळखतो. मीठ, तिखट, सगळं. पन्नास वर्षांत भांड्यावर जीभ लावली नाही.

फैयाजने काय सांगितलं कोण जाणे. बाईंनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. त्या हसल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी उत्तर आलं. ज्याला चव घ्यायची नाही त्याला आम्ही काय शिकवणार? प्रवेश नाही.

फैयाज म्हणाला, "एक चमचा, चाचा. एका चमच्यापायी लेकीचं बाळंतपण घालवलंत."

खरंच होतं.

१० जून, मंगळवार

रुपालीचा फोन. रागावली नाही, तेच जास्त लागलं. "असू द्या आप्पा. इथं एक बाई मिळेल कामाला." मग म्हणाली, "मला पहिल्यांदाच भीती वाटतेय."

फैयाजकडे गेलो. म्हटलं, बाईंना लिही, म्हातारा चाखायला तयार आहे. एकदा बघा म्हणावं.

१२ जून, गुरुवार

बाईंनी शनिवार दिला. आज सराव म्हणून तीच आमटी केली. देवाला दाखवायच्या आधी, भिंतीकडे तोंड करून, पळीभर तोंडात घातली.

मीठच नव्हतं.

वाफ पुन्हा घेतली. वास बरोबर आहे असंच वाटलं. मग हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. कापूर धरला. काही नाही.

अजिनाथला बोलावलं. पंचवीस वर्षं माझ्या चुलीला चूल लावून काम करतो. त्याला पळी दिली. त्याने चाखली नाही. खाली बघत राहिला.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"तीन वर्सं झाली असतील, आप्पा. तुमी हात धुवायला गेले की मी बघून घेतो."

"तू चाखतोस?"

"व्हय. मंग काय करू? दोन हजार मान्सं जेवायची असत्यात. द्यावाला मी सांगितलंय, पाप माझ्या नावावर लिही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी चूल सोडली असती."

लोक येऊन पाया पडायचे. आप्पांच्या आमटीला तोड नाही म्हणायचे. मी मान हलवायचो.

१३ जून, शुक्रवार

काही केलं नाही. चहा सांडला.

१४ जून, शनिवार

बाईंनी विचारलं, तुम्हाला का शिकायचंय? फैयाजने उत्तर पाठ करून घेतलं होतं. ते बाजूला ठेवलं. म्हटलं, लेकीला बाळंतपणात जेवू घालायचंय आणि माझं नाक गेलंय. जिभेनं रांधता येत नाही, ते शिकवा.

फैयाज थांबला. मी म्हटलं, सांग, जसंच्या तसं सांग.

प्रवेशाचं पत्र तासाभरात आलं.