चुलीवर सुकवलेलं जाकीट

महाड, जुलै २००६, रविवार संध्याकाळ

ते जाकीट डोक्यातून जात नाही. संजू, माझा धाकटा भाऊ, पोलिसात. जंगलातल्या कामगिरीवर जाताना एका रात्रीसाठी उमरठला घरी आला, तो चिंब भिजून. गोळी अडवणारं जाकीटही ओलं. आईने पावसाळ्यात गोधड्या सुकवते तसं ते चुलीवरच्या वलणीवर टाकलं, खाली निखारे. सकाळी धुराचा वास तेवढा लागला होता. तो तसाच घालून गेला.

आई आज इथे आली, तेव्हा हे सहज बोलून गेली. आत प्लॅस्टिकच्या धाग्याचं कापड असतं, लोखंडापेक्षा हलकं, पण आच लागली की कमजोर होतं, हे संजूनेच मागे सांगितलेलं. मग आईला अडवलं का नाही? झोपला असेल. बिघडलं असेल का? बाहेरून दिसत नाही. गोळी लागल्याशिवाय कळायचं कसं?

मघाशी त्याचा फोन आला. बदलून घे म्हटलं.

"दुसरं नाय, ताय. आईला बोलू नको." मग म्हणाला, "धुराचा वास हाय अजून. घरातच असल्यासारखं वाटतं."

फोन ठेवला तर आई मागेच उभी.

"सुकलं होतं ना गो नीट?"

हो म्हटलं.