खुर्चीची खुर्ची

२ फेब्रुवारी
निधी मंजूर! जनतेचा पैसा, जनतेचा कचरा आणि जनतेसाठी मी. प्रस्तावात 'वर्तुळ' हा शब्द इतक्या वेळा घातला होता, की परीक्षकांना गरगरलं असावं. कल्पना सोपी. जुन्या प्लास्टिकची खुर्ची. मोडली की वितळवून पुन्हा खुर्ची. ती मोडली की पुन्हा. कचरा शून्य. इतकी वर्षं कुणालाच कसं सुचलं नाही?

५ फेब्रुवारी
हिची शिवणाची खोली प्रयोगशाळेसाठी घेतली. ही म्हणाली, गिऱ्हाइकांची मापं काय स्वयंपाकघरात घेऊ? विज्ञान त्याग मागतं, असं समजावलं. तो दर वेळी माझ्याकडेच का मागतं, असं विचारून हिने शिलाई मशीन ओट्याशेजारी नेलं. प्रश्न चांगला होता. वेळ मिळाला की विचार करीन.

११ फेब्रुवारी
धाकटी बहीण येऊन गेली. कॉलेजात पॉलिमर शिकवते. प्रस्तावावर सल्लागार म्हणून तिची सही आहे, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. म्हणाली, दादा, बाटलीचं प्लास्टिक वेगळं, झाकणाचं वेगळं, आणि चकचकीत पाकिटात तर तीन-चार थर एकमेकांना चिकटलेले असतात. आधी निवड, मग वितळव.
पुस्तकी ज्ञान. मी म्हटलं, मी जोडणारा माणूस आहे, फूट पाडणारा नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

२० फेब्रुवारी
पहिला घाणा काढला. वरचे वकील नाकाला रुमाल लावून खाली आले आणि 'घाण' म्हणाले. एका कान्याचा फरक. मी दुरुस्त केलं. त्यांनी नोटीस पाठवायचं कबूल केलं.
पाठीचा भाग तयार. रंग, हिच्या मते, भिजलेल्या उंदराचा. मी अहवालात 'नैसर्गिक' लिहिलं. नखाने खरवडलं की पापुद्रे निघतात. खरवडायचं बंद केलं.

३ मार्च
खुर्ची उभी राहते. आपल्यावर कुणी बसू नये, एवढीच तिची अपेक्षा आहे. मजबुती वाढवायला दुकानातून एक कोरी खुर्ची आणली, तिचा चुरा करून मिश्रणात घातला. निव्वळ विरजण म्हणून.

९ मार्च
विरजण वाढवलं. आता दूध कमी आहे.
ही म्हणाली, म्हणजे चांगली खुर्ची मोडून तुम्ही वाईट खुर्ची करताय? हिला वर्तुळ समजलं नाही.

१५ मार्च
पुढच्या आठवड्यात समिती पाहणीला येणार. बहिणीचा फोन. मिश्रणात जुनं प्लास्टिक किती? भरपूर, म्हटलं. तिच्या कॉलेजनेही याच निधीसाठी अर्ज केलाय म्हणे. दादा, माझी सही आहे, खरं सांग. पुन्हा भरपूर म्हटलं. फोन ठेवल्यावर कोऱ्या खुर्चीचा उरलेला चुरा कोपऱ्यात सरकवला. खोली आवरायला झालीच होती.

२२ मार्च
समिती आली, सल्लागार म्हणून बहीणही. अध्यक्षबाई अंगाने काडी. मनात म्हटलं, देव पाठीशी आहे.
बसल्या. कर्र झालं. बाई जमिनीवर, खुर्ची सर्वत्र.
मी ताबडतोब निदर्शनास आणलं, की यंत्राच्या मदतीशिवाय वस्तू आपणहून कच्च्या मालात परत गेली आहे. कुणी लिहून घेतलं नाही. हिने बाईंना उठवलं, स्वयंपाकघरात नेऊन त्यांचा उसवलेला कुर्ता उभ्या उभ्या शिवून दिला.
बाई परत आल्या, तर बहीण कोपऱ्यातल्या चुऱ्यापाशी उभी. चुऱ्यातल्या एका तुकड्यावर दुकानाचं स्टिकर. तिने ते स्वतःच बाईंना दाखवलं. म्हणाली, यात कोरं प्लास्टिक आहे. सल्लागार मी होते, मी आधीच येऊन बघायला हवं होतं. चूक माझीही आहे.
सगळे माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघितलं. रंग द्यायला झालंय.

१ एप्रिल
माझा निधी बंद. तारीख बघून आधी थट्टाच वाटली. बहिणीच्या कॉलेजचा मंजूर. तिचं काम एकाच जातीच्या बाटल्यांचं, बाटलीची पुन्हा बाटली. खुर्चीच्या मानाने किरकोळ.
शिलाई मशीन परत खोलीत ठेवायला मी हात लावला. हिने आधी खोली झाडून घ्यायला लावली. कोपऱ्याकोपऱ्यातून पापुद्रे निघाले.

१० एप्रिल
बहिणीच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. बाटल्यांवरची लेबलं सोलायची. डिंक राहिला तर अख्खा घाणा बिघडतो, म्हणजे प्रकल्पाची किल्ली माझ्याच हातात.
तिला सॉरी म्हणायचं ठरवलं. योग्य क्षण शोधत राहिलो. जेवणाच्या सुट्टीत तोंडातून निघूनच गेलं. ती म्हणाली, हातमोजे घाल, नखं जातील.

२४ एप्रिल
कामात चांगलाच हात बसलाय. आज बहिणीने सांगितलं, दादा, सोमवारपासून थोडा आराम कर. लेबलं काढायचं यंत्र येतंय, सरकारी निधीतूनच.
मी म्हटलं, छान, पण ते चालवायला अनुभवी माणूस लागेल.
म्हणाली, त्याला एकच बटण आहे.