गायरानाला लागलेली तार

सर, काल माझी मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी इंग्लंडमधल्या जुन्या शेतीवर लिहीत होती. आम्ही इथे सिंगापूरला, क्वीन्सटाउनमध्ये दहाव्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची वह्यापुस्तकं आणि माझं ताट शेजारीशेजारीच असतं. कारखाने येण्याआधी तिकडच्या जमीनदारांनी गावोगावच्या सामायिक कुरणांना कुंपणं घातली, पिकांची फेरपालट सुरू केली, धान्य वाढलं, असं तिनं मला वाचून दाखवलं. मग इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' जोडत म्हणाली, "म्हणजे चांगलंच झालं ना, बाबा? मोर फूड, लाह."

नववीत मीही हेच उत्तर दिलं होतं. तुम्ही खडू खाली ठेवता आणि मला विचारता, "ज्याची एकुलती एक गाय त्या कुरणावर चरत होती, त्यानं काय करायचं?" मग माझ्या बाकाजवळ येता. "तुझ्या आईच्या शेळ्या कुठे चरतात?" गायरानात, मी सांगतो. वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "मग उत्तर लिहिताना आईला विसरू नकोस," एवढंच म्हणता. त्या दिवशी मला तुमचाच राग आला होता.

पुढे आपल्या गायरानालाही तार लागली. तिथे फळबाग होणार, गाव सुधारणार, असं सरपंच सांगत होते. आईनं शेळ्या विकल्या आणि त्याच बागेत खुरपायला जाऊ लागली. तुम्ही त्याविरुद्ध तहसील कचेरीत अर्ज केलात आणि मला पुण्याला पत्र टाकलंत: वस्तीतला तू एकटा इंजिनिअर, सुनावणीला ये, तिथे कोणाची जनावरं चरायची ते सांग, तुझं ऐकतील. मी उलट कळवलं की सिंगापूरला नोकरी लागली आहे, निघायच्या गडबडीत आहे, जमणार नाही. तुम्ही एकटेच गेलात. अर्ज फेटाळला गेला. पुढच्या वर्षी तुम्ही वारल्याचं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात होतो. फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

काल मुलीला मी तुमचाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "ते लोक शहरात गेले असतील, कामाला." "हो, गेले," मी म्हणालो. तिनं तेवढं लिहून घेतलं. आजीच्या शेळ्यांचं मी काही बोललो नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. सुनावणी सोमवारी होती आणि माझं विमान त्याच्या पुढच्या सोमवारी. मला येता आलं असतं. कचेरीत, सगळ्यांसमोर, माझी आई शेळ्या राखायची हे मला सांगायचं नव्हतं.