झेपेशिवायचा खेळ

१८ नोव्हेंबर, सकाळ

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, झोप बरी लागते. आईला सांगा, सर्दी गेली. दादाला सांगा, त्याच्या जुन्या बॅगेची चेन पुन्हा रुसली, आता मी ती सुतळीने बांधते. इथली हवा कोरडी आहे, दोरीवर टाकलेले कपडे चहा होईपर्यंत वाळतात.

फोन मी मुद्दाम बंद ठेवलाय. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो बाबा' म्हणते. लहानपणापासून हेच चाललंय. कागदावर तुम्हाला मध्येच 'पुरे' म्हणता येणार नाही.

आमच्या नाचपथकाच्या सरांनी तुम्हाला कळवलं असेलच. पोरगी डोक्यावर चढली, पोरांना फितवलं, भर कार्यक्रमात अब्रू घालवली, असं म्हणाले असतील. सगळं खरं आहे. का, ते मात्र त्यांनी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

आमच्या नाचाचा शेवट तुम्ही पाहिलाय. छोटी धावत येते, लंबूच्या जुळवलेल्या हातांवर पाय देते, तो तिला वर उडवतो आणि हवेत गिरकी घेऊन ती माझ्या आणि ठोंब्याच्या हातांत येते. या उडीला आम्ही झेप म्हणतो. पोस्टरवर तिचाच फोटो आहे.

एका गावात छोटीचा घोटा मुरगळला. नाडी काढून टाकली तरी पाय बुटात जाईना. खाली अंथरायच्या गाद्या सरांनी तिथेच ठेवून दिल्या, कारण बसमध्ये नव्या पडद्याला जागा हवी होती. आणि पुढच्या गावातला मंच कसला, तर बाजारातल्या फळ्या आणून ठोकलेला. चाललं तरी हलायचा.

दुपारी मी सरांना गाठलं. ते दिवेवाल्याशी हुज्जत घालत होते.

"सर, आज झेप नको."

"का? मुहूर्त नाही?"

"छोटीचा पाय सुजलाय. गाद्याही नाहीत."

"पट्टी बांध तिला."

"बांधली. पट्टीसकट सुजलाय."

ते हसले. "तू झेलणारी. उडणारीची काळजी तिची ती करेल. लोक झेप बघायला आलेत, तुझं तोंड नाही."

छोटी विंगेत भिंतीला टेकून एका पायावर उभी होती. वय काय तिचं, सोळा. "ताई, मी करते गं. नाहीतर मला घरी पाठवतील. तू झेल म्हणजे झालं."

मला तेव्हाच कळलं होतं मी काय करणार ते.

रात्री कार्यक्रमात संगीत झेपेपाशी आलं. मी माझी जागा सोडली, मंच ओलांडून छोटीकडे गेले आणि तिचा हात धरला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आज झेप नाही. हिचा पाय दुखावलाय." मग कुणीतरी शिट्टी मारली, एक रिकामी बाटली मंचावर आली. विंगेतून सर ओरडत होते, "जागेवर जा! जागेवर!" लंबूने जुळवलेले हात सोडले आणि तिथेच मांडी घालून बसला. ठोंब्या दिवसातून दोनदा बोलतो, तेही जेवणाबद्दल. तो म्हणाला, "मीपण झेलणार नाही." मग एकेक करत बाकीचेही बसले. पहिल्या रांगेतली एक बाई उठून मागे वळली आणि शिट्टीवाल्याला म्हणाली, "तुझी बहीण लंगडत असती तर वाजवली असतीस?"

दुसऱ्या दिवशी बस निघताना सर म्हणाले, "उतर." मी उतरले. खाली येऊन ते आणखी काही बोलले. ते नंतर लिहिते.

बसमधून लंबू उतरला, ठोंब्या उतरला, छोटी एक-एक पायरी करत उतरली, आणखी दोघी उतरल्या. बाकीचे बसून राहिले. त्यांच्यावर माझा राग नाही, प्रत्येकाच्या घरी एकेक बाप आहे. तुम्ही शिवलेल्या कपड्यांची पेटी बसबरोबर गेली.

पुढचा कार्यक्रम या शाळेत होता, जिथून मी हे लिहितेय. भाजीच्या टेम्पोत बसून आम्ही आलो. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचे सर?"

"आले नाहीत."

"कपडे?"

"अंगावर आहेत तेच."

"आणि ती उडी?"

"नाही करणार."

"मग करणार काय?"

"नाचणार," लंबू म्हणाला.

नाचलो, बाबा. घामेजलेल्या साध्या कपड्यांत नाचलो. छोटी खुर्चीवर बसून टाळ्यांनी ताल देत होती. एका पोराने मध्येच विचारलं, "उडी कधी?" लंबू नाचता नाचता म्हणाला, "आज सगळं जमिनीवरच!" पोरं खदाखदा हसली आणि शेवटी उठून आमच्याबरोबर नाचायला लागली. बाईंनी सभागृहामागची खोली दिली आणि शेजारच्या दोन शाळांना कळवलं. म्हणजे आमचा दौरा चालू आहे.

आता ते राहिलेलं. इथवर मी टाळत आले, कारण ते लिहिलं की तुमच्याकडे पूर्वीसारखं बघता येणार नाही.

बसजवळ सर म्हणाले, "तुझ्या भावाचा खांदा माझ्याच मंचावर निखळला. तुझ्या बापाला माहीत होतं. एक शब्द नाही काढला त्याने. दुसऱ्या दिवशी येऊन नव्या कपड्यांची मापं घेऊन गेला. आणि तू मला शहाणपण शिकवतेस?"

घरी आपल्याला काय माहीत आहे? दादा मोटारसायकलवरून पडला. आई अजून त्या गाडीला शिव्या देते. रंगाच्या दुकानात कामाला असलेल्या दादाचा हात वर जात नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायला त्याला स्टूल लागतं, आणि घरी आई म्हणते, जरा सावकाश चालवली असतीस तर. तुम्ही तिथेच बसलेले असता. मशीनचं चाक फिरवत राहता.

सर तुमचे शाळेपासूनचे मित्र आणि आपलं दुकान त्यांच्या कामावर चालतं, हे मला समजतं. समजतं, पण पटत नाही. आईला तुम्ही सांगा. मी परत येईन तेव्हा तिला माहीत नसलं, तर मी सांगेन, आणि तुमच्यासमोर सांगेन.

तुमची,
जागा सोडून आलेली मुलगी


२९ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं उत्तर पोचलं. 'जुनं उकरून काय मिळणार? सरांशी बोललोय, माफी माग, ते परत घेतील.' एवढंच. सर खोटं बोलले, असं तुम्ही लिहिलं नाहीत. दोनदा वाचून पाहिलं.

मग मी बाईंच्या ऑफिसातून दादाला फोन केला. खांद्याचं खरं काय ते विचारलं. तो म्हणाला, "गाडीचं मीच सांगितलं. बाबांना कळलं असतं तर ते सरांशी भांडले असते आणि हातातलं काम गेलं असतं. म्हणून."

त्याला वाटत होतं की तुम्हाला माहीत नाही, बाबा. त्याने तुम्हाला वाचवलं, आणि तुम्ही ते घडू दिलंत. मी त्याला म्हटलं, त्यांना तेव्हाच माहीत होतं. तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने आईला सगळं सांगितलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी बाईंच्या ऑफिसात आईचा फोन आला. ती रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. म्हणाली, "त्या मुलीच्या पायाची सूज उतरली का? घाई करू नका." आणि मग, "तुझ्या बापाशी मी बोलत नाहीये. मला वाटेल तेव्हा बोलेन. तू मध्ये पडू नकोस." बरं आहे, नाही पडत.

माफी मी मागणार नाही. सरांनी परत घेतलं तरी जाणार नाही. सरांनी काम काढून घेतलं तर आपण दुसरं शोधू. लोक कपडे घालायचे थांबलेले नाहीत. बसमधल्या दोघी काल आम्हाला येऊन मिळाल्या. आता आम्ही आठजण आहोत. पुढच्या आठवड्यात आमचा कार्यक्रम आपल्याच शहरात आहे, गिरणीमागच्या सभागृहात. दादा येणार आहे. मी त्याला पहिल्या रांगेत बसवणार आहे.

तुम्ही आलात तर दारात कुणी अडवणार नाही. पण आत आलात तर त्याच्या शेजारीच बसावं लागेल. दुसरी खुर्ची तुमच्यासाठी मी ठेवलेली नाही.

नमस्कार आहेच, माफी नाही.

तुमचीच मुलगी