डब्याच्या दारातला खिळा

आप्पा, हा डबा बांधताना तुम्हाला काटकोन नावाची गोष्ट कुणी दाखवली नव्हती का? दोन महिने मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय, आता कागदावर भांडते, म्हणजे निदान नवऱ्याच्या कानांना थोडी विश्रांती मिळेल. डाव्या अंगाची भिंत उजव्यापेक्षा तीन सूत लांब आहे. मागची चौकट पुढच्या चौकटीशी जुळत नाही. रांजणगावच्या कंपनीत बावीस वर्षं मी लोकांनी केलेले सुटे भाग मोजतेय, केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवते, आणि माझ्या सख्ख्या बापानं केलेल्या खोलीत एक कोपरा दुसऱ्यासारखा नाही. मी मिलिमीटरमध्ये मापं घेऊन प्लायवूड कापून आणलं. एका कोपऱ्यात ते चपखल बसलं आणि समोरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली. तुमची मापं सुतात, आणि ते सूतही तुमच्या घरचं.

कंपनीतल्या बायकांना मी डब्याचं सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी जेवणाच्या डब्याबद्दल बोलतेय. मग समजावून सांगावं लागतं, की आमच्या वडिलांचं मळणीयंत्र होतं, ज्वारी-गव्हाच्या दिवसांत ते गावोगाव घेऊन जायचे, ट्रॅक्टरमागं यंत्र आणि यंत्रामागं दोन चाकांवरची पत्र्याची एक खोली. त्या खोलीत आम्ही चौघं दोन-दोन महिने राहायचो. दारापाशी स्टोव्ह, वर फडताळ, मागं एक फळी, ती दिवसा बाक आणि झोपताना पलंग. बायका म्हणतात, अय्या, किती मजा! आईला विचारलं तर ती म्हणते, "कसली मज्जा? पाय लांब केलं की भितीला लागायचं. आन् भांडी घासली की सगळं पाणी त्या फळ्यांखाली." आईचं हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. यंत्र तर तुमच्यामागं लगेच विकलं, डबा मात्र गोठ्याच्या कडेला तसाच उभा राहिला, कधी त्यात पेंड ठेवली, कधी कोंबड्या बसवल्या. यंदा भावाला तिथं कांदाचाळ बांधायची आहे. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही, कांदा बाहेर सडतोय आणि डबा आत कुजतोय. पण तो भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता तेव्हा मी नेमकी अंगणात होते, आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, हा डबा मी नीट करणार, त्यात बिछाना करणार, दिवे बसवणार, आणि सुट्टी मिळाली की तो घेऊन हिंडणार. भाऊ हसला नाही, म्हणून मला जास्त राग आला. तो म्हणाला, "आक्का, खंडेनवमीपातूर हा सोताच्या चाकावर भाईर निघाला तर तुझा. न्हाई निघाला तर दसरा झाल्यावर भंगारात. मग रडायचं न्हाई." मी म्हटलं, चालेल.

चालेल म्हणायला काय जातंय! पहिले चार रविवार नुसती चाकं सोडवण्यात गेले. बेअरिंग अ‍ॅक्सलला असं धरून बसलेलं, की दौंडच्या दुकानदारानं फोटो बघून विचारलं, ताई, हे विहिरीतून काढलंय का? टायर नवे घेतले तर त्यांची रिम बसेना, कारण तुम्ही अ‍ॅक्सल एका जुन्या जीपचा आणि रिम कशाची तरी दुसऱ्याचीच लावली होती. जिथं नटबोल्टनं भागलं असतं तिथं तुम्ही वेल्डिंग मारलंय, आणि जिथं वेल्डिंग हवं तिथं तार गुंडाळलीय. नवरा बिचारा मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून येतो. त्यांच्या फिरत्या खोल्यांमध्ये न्हाणीघर, फ्रीज, उघडझाप करणारं छत. तो म्हणतो, आपण निदान सोलरचा एक पत्रा वर टाकू. मी म्हणते, आधी खालचा पत्रा बघ. कारण फळ्या उचलल्या तर त्या हातात आल्याच नाहीत, चहात बुडवलेल्या पावासारख्या तुटल्या. खाली पत्र्याचा तो जाड ट्रे, चारी बाजूंनी काठ वर आलेले, आणि पाण्याला जायला वाट कुठंच नाही. एकवीस पावसाळ्यांचं पाणी त्यात साठलं आणि आटलं. त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले ते लिहीत नाही. भाऊ बघायला आला होता, त्याला म्हटलं, आपल्या बापानं जन्मभर पत्रा ठोकला, पण पाणी जायला एक भोक ठेवायची अक्कल त्यांना नव्हती. तो म्हणाला, "आप्पाचं काम म्हंजी असंच." आणि दोघंही हसलो.

फळ्या काढताना दाराच्या आतल्या बाजूला तारेत अडकवलेला तो लांब खिळाही सापडला. तो बघितला आणि जुना राग पुन्हा वर आला. आठवतंय का तुम्हाला, मांडवगण फराट्याला आपण एका मळ्यात उतरलो होतो. मी तेरा वर्षांची असेन. दुपारी यंत्र बंद आहे, तुम्ही बांधावर जेवताय, आणि मी तो खिळा काढून जमिनीवर रेघा मारत धाकट्याबरोबर खेळतेय. खेळता खेळता खिळा कडब्यात हरवला. तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी मळ्याच्या मालकासमोर, गड्यांसमोर ओरडलात. "त्या खिळ्याला हात लावायचा न्हाई म्हंजी न्हाई! कळतंय का न्हाई तुला?" एका खिळ्यासाठी! दुकानात मूठभर मिळतात तसल्या खिळ्यासाठी. मी दोन दिवस जेवले नाही असं मला आठवतंय, आई म्हणते एकच वेळ जेवली नाहीस. काही का असेना. तुम्ही दुसरा खिळा आणून पुन्हा तिथंच टांगलात, आणि मी ठरवून टाकलं की या माणसाला माझ्यापेक्षा खिळा जास्त आहे. खरंच सांगते, लग्नात निघताना रडतानासुद्धा हे मनात होतं.

आणि तरीही खंडेनवमीच्या आधी तुम्ही दरवर्षी मला नवा ब्रश आणून द्यायचात, दौंडच्या बाजारातून, दोन इंची, केसांवर कागद गुंडाळलेला. पूजेला अवजारं घासूनपुसून ठेवायची, पण डबा रंगवायचा तो मी. अकरा वर्षांची होते तेव्हापासून. बाजू तुम्ही घासून द्यायचात, आणि खालचा भाग माझ्याकडे, कारण मी लहान, चाकांच्या मधून पाठीवर सरकत जाता यायचं. तिथं पडून मी लांबी, म्हणजे पुट्टीसारखा लगदा भरायची, पोचे बुजवायची, मग निळा ऑइलपेंट. तोंडावर थेंब पडायचे. काम झालं की तुम्ही वाकून बघायचात आणि म्हणायचात, "झ्याक." एवढा एकच शब्द. त्या शब्दासाठी मी लग्नानंतरही नवमीला माहेरी येत राहिले, कडेवरचं पोर आईकडे देऊन डब्याखाली शिरत राहिले. दरवर्षी खालची लांबी काही ठिकाणी निघून गेलेली असायची. मी कुरकुर करायचे, तुम्ही म्हणायचात, "हलकी आली आसंल. पुन्हा भर." मी पुन्हा भरायची.

गेल्या आठवड्यात मी दौंडच्या चाचांना बोलावलं. तेच, तुमच्याबरोबर वेल्डिंगचं काम करणारे, डब्याचा सांगाडा ज्यांच्या दुकानात जुळवला ते. आता गुडघे गेलेत त्यांचे, मुलाच्या गाडीवर मागं बसून आले. मी ट्रेमध्ये खडूनं पाच खुणा करून ठेवल्या होत्या. म्हटलं, चाचा, इथं ड्रिल मारून द्या, पाण्याला वाट करायचीय, आमच्या आप्पांनी ठेवली नाही. चाचा खुणांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, भोकं हायती की. पाच हायती. मीच पाडल्यात." मी म्हटलं, कुठं आहेत? ते म्हणाले, "दारात खिळा आसंल बघ. तो आण."

त्यांना खाली झोपता येईना, म्हणून मीच शिरले, बावीस वर्षांनंतर पुन्हा पाठीवर. ते वरून काठीनं ठोकून जागा दाखवत होते, मी खिळ्यानं खरवडत होते. निळ्यावर निळा, त्याच्यावर निळा, आणि मग लांबीचा एक खडा सुटून माझ्या गळ्यावर पडला. भोकातून चाचांचं धोतर दिसलं. पाचही भोकं तशीच. दुसऱ्या खड्यावर अंगठ्याचा ठसा होता. तो मी माझ्या अंगठ्याला लावून बघितला नाही, त्याची गरज नव्हती.

चाचा उतरून बाहेर चाकाला टेकून बोलत होते, मी खालीच पडून ऐकत होते. "दर साली तू बुजवायचीस, आन् पावसाच्या तोंडावर, तू नसलीस की त्यो खाली घुसून खिळ्यानं मोकळी करायचा. मी म्हनलो, आरं सांग की पोरीला, भोकं पाण्याची हायती म्हनून. तर म्हनला, न्हाई. म्हनला, ती खाली पडून गाणी म्हनत रंगवती. चुकलीस म्हनलं तर पुन्हा ब्रशला हात लावायची न्हाई. एका खिळ्याचं तर काम हाय, मी करतो." मग चाचा म्हणाले, "मला बी सांगू नको म्हनला व्हता. पर आता त्यो कुठं इचारायला येतोय."

मी पडल्या पडल्या वर्षांचा हिशेब केला. शेवटच्या खंडेनवमीला मी डबा रंगवला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात, पाऊस पडायच्या आत. खिळा दारात तसाच राहिला. म्हणजे त्या फळ्या मी कुजवल्या, आप्पा. तुम्ही नाही. आणि खरं सांगू का, मला आधी वाईट वाटलं नाही, आधी भयंकर रागच आला. का सांगितलं नाहीत? मी काय काचेची होते? एकदा म्हटलं असतंत, पोरी, ही भोकं सोड, तर मी एक दिवस फुगून बसले असते आणि विषय संपला असता. त्यापेक्षा तुम्ही माझ्यावर एका खिळ्यापायी ओरडलात, आणि मी ते जन्मभर गाठीला बांधून ठेवलं. दिवसभर माल तपासते, लोकांच्या चुका लाल शाईनं लिहिते. माझीच चूक सोळा वर्षं कुणीतरी गुपचूप खरवडत होतं, हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळावं, तेही पाठीला खडे टोचत असताना! कुणावर ओरडू मी आता?

आज सकाळी डबा बाहेर काढला. फळ्या नव्या आहेत, तीन सुतांची फट मी लाकडाची पट्टी कापून भरलीय, आत दोन दिवे लागतात, नवऱ्याचा सोलरचा पत्रा वर आहे. भावानं ट्रॅक्टर जोडला. पहिल्या हिसक्याला उजवं चाक कण्हलं, मग फिरलं. आई ओट्यावर बसून म्हणाली, "निघाला बाई." मी फळी उचलून बादलीभर पाणी ट्रेमध्ये ओतलं आणि खाली पाच धारा लागल्या. भाऊ वाकून बघत होता. उठला, हात झटकले, आणि आईला मोठ्यानं म्हणाला, "आप्पाला जन्मात सुचलं न्हाई ते आक्कानं केलं बघ. भोकं पाडली." आई माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. नवराही बघत होता, त्याला सगळं माहीत आहे.

उद्या खंडेनवमी. खालचा भाग मी रंगवलेला नाही, खिळा दारात तारेला परत टांगलाय. पण आप्पा, भाऊ तसं म्हणाला तेव्हा मी गप्प बसले. हसलेसुद्धा. भोकं तुम्ही पाडून घेतली होती, हे मी आईला आणि भावाला अजून सांगितलेलं नाही.