हँडब्रेकचा दगड

आण्णा, ब्रेक हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडतो, ते परवा मी मोजत होते. तुम्ही म्हणाल, पोरीला दुसरा उद्योग न्हाई. पण सकाळी शाळेची व्हॅन काढली तेव्हापासूनच सुरुवात झाली. मागच्या सीटवरची दोघं, ब्रेकमध्ये कुणी कुणाचा डबा खायचा यावरून भांडत होती. दुपारी डॉक्टर आईला म्हणाले, आजी, गोडाला ब्रेक लावा. आई कसली ऐकतेय, वहिनीसमोरच 'आधी माझ्या सुनेच्या जिभेला लावा' म्हणाली. टीव्हीवरची बाई छोटासा ब्रेक घेऊन जी गेली ती भाजी शिजली तरी परतली नाही. एवढासा शब्द, कुठून कुठून फिरत आला आणि घरजावयासारखा ऐसपैस बसला की! तो यायच्या आधी उतारावर बैलगाडी कशी आवरायचे, आवरण्याला काय म्हणायचे, हे तुम्हाला नक्की ठाऊक असणार. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला आता प्रश्न सुचतायत.

तुमच्या जीपचा पायाचा ब्रेक चोख होता, हँडब्रेक मात्र नावालाच. अकोले गावाहून भंडारदऱ्याकडे जाताना चढावर कुणा प्रवाशाला घ्यायचं म्हटलं की मागच्या चाकाखाली दगड लागायचा. त्यासाठी आपला ठरलेला दगड होता, काळा, एका बाजूने उतरता, माझ्या सीटखाली ठेवलेला. कॉलेज सुटल्यावर मी तुमच्याच गाडीने घरी यायचे, त्यामुळे ते काम माझं. गाडी थांबली की उडी मारायची, चाकामागे दगड लावायचा. माणसं चढली की तुम्ही गाडी हातभर पुढे घ्यायचात, दगड मोकळा व्हायचा, मी तो उचलून धावत येऊन बसायचे. मग तुमचा प्रश्न, 'दगड घेतला का?' मी 'घेतला' म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे. ट्रकवाले दगड रस्त्यातच टाकून जातात म्हणून तुम्ही केवढे चिडायचात. 'सोताचा दगड दुसऱ्याच्या जिवावर टाकून जात्यात, हराम लेकाचे!'

त्या दिवशी शेवटच्या चढावर एक बाई चढली. तिच्या डोक्यावर पाटी, कडेवर तान्हं लेकरू. लेकरू तिने माझ्या हातात दिलं. त्याने माझ्या कानातलं घट्ट धरलं, मी हसत हसत तशीच येऊन बसले. तुम्ही विचारता, 'दगड घेतला का?' मी म्हणते, 'घेतला.' खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही हो, रोज तोंडात बसलेलं उत्तर होतं ते. घरी आल्यावर पुस्तकं काढायला सीट उचलली तर खाली दगड नाही.  सांगितलं असतं तर तुम्ही तसेच माघारी गेला असता. मी म्हटलं, उद्या जाता जाता उचलू, कशाला बोलणी खा.

दिवेलागणीला दूधवाले काका मोटारसायकलवर कॅन घेऊन त्याच उतारावरून येताना पडले. तुम्हीच त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंत. परत आल्यावर जेवताना एवढंच म्हणालात, 'पाय मोडला त्याचा. वाटंत दगड हुता.' मी भाकरी कालवणात बुडवत राहिले. सकाळी माझ्या सीटखाली नवा दगड होता. तुम्ही रागावला नाहीत, काही नाही. काका हिंडू-फिरू लागेपर्यंत त्यांचे कॅन रोज तुम्ही डेअरीवर पोचवलेत. मला वाटायचं, तुमचा स्वभावच तसा. पण 'दगड घेतला का' हे तुम्ही मला त्यानंतर एकदाही विचारलं नाहीत. मागे वळून स्वतः बघायचात. ते मला इतकं लागायचं, की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

परवा ब्रेक मोजता मोजता हे सगळं वर आलं आणि ठरवलं, पुरे झालं, काकांना सांगून टाकायचं. काल व्हॅन रिकामी झाल्यावर तशीच त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसले होते, तो पाय लांब करून. मी तोंड उघडायच्या आत तेच तुमच्याबद्दल बोलू लागले.

'तुझा बाप लई सरळ मानूस. त्याच दिशी दवाखान्यात माझ्या उशाला बसून बोलला, दगड माझ्याच गाडीचा हाय, उचलायचा मीच इसारलो. डोळ्यात पानी हुतं त्याच्या. म्या म्हनलं, जाऊ द्या आण्णा, तुमी काय मुद्दाम टाकला का? कोन कबूल करतं गं असं?'

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही तो स्वतःवर घेतला होतात.  काकूंनी चहा आणून ठेवला. मी तो फुंकत बसले.

'तुला कायतरी सांगायचं हुतं न्हवं पोरी?' काकांनी विचारलं.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. मी म्हणाले, 'न्हाई काका, सहज आले हुते.' पुन्हा खोटं बोलले, आण्णा. आणि या वेळी हातात लेकरूही नव्हतं.