ओढायचे सूर

१० जानेवारी २००६, अकोला
दिवाळीपासून आमचा जिनिंग कारखाना बंद. यंदा कापूसच आला नाही. सुपरवायझरने घरी बसून काय करायचं? खोकायचं. हवा बदलली की होतं असं. डॉक्टर म्हणतात, छातीचा एक्स-रे काढा. त्यांना दुसरं काही सुचतच नाही. मी माउथ ऑर्गन आणला. फुप्फुसांना व्यायाम. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात नावही देऊन टाकलं. रमा म्हणाली, "पन्नाशीत बाजा? अन् एक्स-रे?" बायकांना कला कळत नाही.

१२ जानेवारी
फुंकलं की सा, ग, प. ओढलं की रे, म, ध, नी. फुंकणं उत्तम जमतं. ओढलं की खोकला येतो. बाजा डिफेक्टिव्ह आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार ताहेरभाईंनी बाजा सदऱ्याला पुसला आणि सगळे सूर वाजवून दाखवले. वर म्हणाले, "बाजा बढिया हाय, उद्धवभाऊ. तुमचा दम काहून भरून राहिला?" माणूस चांगला, पण धंद्यात खोटं बोलतो. तीळगूळ न देताच परतलो.

१७ जानेवारी
उपाय सापडला! ओढायचे सूर गाळायचे. फक्त सा, ग, प वापरून देशभक्तीची चाल स्वतः बांधली. रमा म्हणते, "टरक रिव्हर्स घेऊन राहिला असं वाटते." तिच्या माहेरी कुणी गात नव्हतं.

२० जानेवारी, सकाळी
आमच्या जिनिंगमधला बुधाजी असाच खोकायचा. गेल्या पोळ्याला गेला. पण तो बिडी ओढायचा. मी नाही. रुईची धूळ दोघांनीही खाल्ली, पण मी खुर्चीवर बसून. फरक पडतो.
निश्चय: बुधाजीचा विचार बंद.

२१ जानेवारी
दिवसभर बुधाजीचाच विचार केला. भीती वाटते. रियाज झाला नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं. माझं नाव पुकारलं. चाल वाजवली. लोकांना वाटलं, माइक टेस्ट करतोय. कुणीतरी ओरडलं, "आता सुरू करा ना भाऊ!" चिडलो आणि जोरात एक रे ओढला.
खोकला थांबेचना. लोक हसले. मग हसायचे थांबले. ते जास्त वाईट होतं. रमाने दंड धरून खाली उतरवलं.

२८ जानेवारी, अमरावती
रमाने इथल्या छातीच्या दवाखान्यात आणायला एसटीत बसवलं. मूर्तिजापूर मागे पडलं. मी म्हणालो, "हवापालट होईल."
एक्स-रेच्या खोलीत एकटाच. गार पत्र्याला छाती लावून उभा. आतून आवाज आला, दम भरा, रोखून धरा. भरला. खोकला. पुन्हा भरला. पुन्हा खोकला. रमाला आत बोलवा म्हटलं, तर इथे कुणाला येता येत नाही म्हणे.
शेवटी एक्स-रेवाला बाहेर आला. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "राहू द्या काका. जेवढा येते तेवढाच घ्या."
तेवढाच घेतला.